प्लास्टिक फायबरला हिरवा लेप लावून अमोनिया पकडायचा कसा, पहिल्यापासून शेवटपर्यंत

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी जो पहिला सेन्सर बनवला ना, तो बघून आम्ही सगळे जाम खूश होतो. बरणीत अमोनिया सोडला की व्होल्टेज खाली, बरणी उघडली की वर, ग्राफ एकदम पेपरात छापतात तसा. मग गाईडनी एकच प्रश्न विचारला, नुसतं पाणी टाकून बघितलंस का? नव्हतं बघितलं. बघितलं तर व्होल्टेज जवळजवळ तेवढंच खाली आलं. म्हणजे तीन आठवडे मी अमोनिया नाही, दमट हवा मोजत बसले होते.

तेव्हापासून मी हा सेन्सर वेगळ्या क्रमाने बनवते आणि ज्युनिअर्सनाही तसाच शिकवते. बहुतेक ठिकाणी सगळी मेहनत लेपावर जाते आणि टेस्टिंग शेवटच्या आठवड्यात उरकतात. मी म्हणते उलटं करा, लेप एका दुपारचं काम आहे, सिग्नल खरा की खोटा हे ओळखायची सोय आधी करा.

अजून एक आधीच सांगते, हे काम कॉलेजच्या लॅबमध्ये फ्यूम हूडखाली, म्हणजे वाफा बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटात करायचं. इलेक्ट्रॉनिक्स घरी करा, फायबर घरी सोला, पण केमिकलवालं स्वयंपाकघराच्या ओट्यावर अजिबात नाही.

आत नक्की होतं काय

ऑप्टिकल फायबर म्हणजे कोअर, आतला गाभा, आणि त्यावर क्लॅडिंग, बाहेरचं आवरण. आपण वापरणार तो १ मिमी जाडीचा प्लास्टिक फायबर, कोअर पीएमएमए म्हणजे अ‍ॅक्रिलिकचा, साधारण ९८० मायक्रॉन, त्याचा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स (अपवर्तनांक) १.४९, आणि वरती फ्लोरिनवाल्या पॉलिमरचं पातळ क्लॅडिंग, इंडेक्स १.४० च्या आसपास. प्रकाश आतल्या आत आपटत पुढे जातो हे शाळेत शिकलोय. शाळेत जे सांगत नाहीत ते असं की आपटताना तो कोअरच्या भिंतीबाहेर जरासा डोकावतो. या डोकावणाऱ्या भागाला इव्हॅनेसंट फील्ड म्हणतात. क्लॅडिंग काढून तिथे हवा असेल, लाल प्रकाश ६५० नॅनोमीटरचा असेल आणि किरण भिंतीच्या लंबाशी ८० अंशाने आपटत असेल, तर हिशोब करून हा डोकावा जेमतेम १०० नॅनोमीटर येतो. बाहेर हवेऐवजी १.४० इंडेक्सचं काही असेल आणि कोन ७५ अंश धरला तर तोच ३०० च्या वर जातो.

म्हणजे आपल्या लेपाने काम करायचंय ते काहीशे नॅनोमीटरमध्येच. जाड थर चढवला की जास्त सेन्सिटिव्ह होईल असं वाटतं पण तसं होत नाही, वरच्या जाड थरात गॅस हळूहळू झिरपत बसतो आणि प्रकाशाला त्याचा पत्ताही नसतो. नॅनो शब्दाचा इथे खरा उपयोग हा आहे की लेप पातळ हवा आणि स्पंजासारखा सच्छिद्र हवा, म्हणजे गॅसला चिकटायला जागा भरपूर मिळते आणि आत शिरायला वेळ लागत नाही.

लेपाचे प्रकार ढीगभर आहेत. बटलर नावाच्या संशोधकाने १९८४ मध्ये फायबरवर पॅलॅडियम चढवून हायड्रोजन ओळखला होता, पॅलॅडियम हायड्रोजन पितं आणि फुगतं, त्याने फायबर किंचित ताणला जातो. तिरुचिरापल्लीच्या एनआयटीमधल्या ग्रुपने २०११ च्या सुमारास क्लॅडिंग काढलेल्या फायबरवर नॅनो झिंक ऑक्साइड लावून अमोनियावर काम केलंय. ग्राफीन ऑक्साइड, कार्बन नॅनोट्यूब, एमओएफ (धातू आणि सेंद्रिय रेणूंची सच्छिद्र जाळी), सगळं लावतात लोक. यात एक गोम आहे, झिंक ऑक्साइडचा इंडेक्स २ च्या जवळ, म्हणजे कोअरपेक्षा जास्त, तेव्हा तिथे पूर्ण परावर्तन होतच नाही, प्रकाश लेपात गळतो आणि किती गळतो हे गॅसप्रमाणे बदलतं. चालतं, पण पहिल्यांदा करणाऱ्याला समजायला अवघड.

म्हणून सुरुवातीला पॉलिअ‍ॅनिलिन. हा वीज वाहणारा पॉलिमर आहे, असल्या पॉलिमरांच्या शोधाला २००० सालचं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं, हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांना. आपल्याला त्याची वीज नकोय, रंग हवाय. आम्लात असताना हा हिरवा असतो. अमोनिया आला की तो त्यातले प्रोटॉन ओढून घेतो आणि हिरव्याचा निळा होतो. अमोनिया गेला की परत बऱ्यापैकी हिरवा. निळा झाला की लाल प्रकाश जास्त शोषतो, म्हणजे फायबरमधून बाहेर पडणारा लाल प्रकाश कमी होतो. डोळ्याला दिसणारी गोष्ट आहे, त्यामुळे बिघडलं तर कुठे बिघडलं ते कळतं, आणि सगळं रूम टेंपरेचरला होतं, हीटर लागत नाही.

सामान

१ मिमीचा प्लास्टिक फायबर काळ्या जॅकेटसकट, तीनचार मीटर घ्या कारण पहिले दोनतीन तुकडे वाया जाणारच. लाल एलईडी ६५० नॅनोमीटरच्या आसपासचा आणि इन्फ्रारेड एलईडी ८५० चा, हा दुसरा कशाला ते पुढे येईलच. प्रकाशाचा करंट करणारा फोटोडायोड बीपीडब्ल्यू ३४ दोन नग, ऑप-अ‍ॅम्प एमसीपी ६००२, व्होल्टेजचे आकडे करणारं एडीसी मॉड्यूल एडीएस १११५, आणि कुठलाही अर्डुइनो. टेंपरेचर आणि ह्युमिडिटीचा एक छोटा सेन्सर, हा ऑप्शनल नाही. ५ लिटरची रुंद तोंडाची बरणी, रबरी बूच, ५ व्होल्टचा छोटा पंखा, फिश टँकचा एअर पंप, सिलिका जेल, १० मायक्रोलिटरची मायक्रोसिरिंज.

केमिकलमध्ये अ‍ॅनिलिन हायड्रोक्लोराइड, अमोनियम परसल्फेट, हायड्रोक्लोरिक आम्ल, अ‍ॅसिटोन, २५ टक्के अमोनिया सोल्युशन. अ‍ॅनिलिन द्रवरूपातही मिळतं पण ते त्वचेतून अंगात जातं आणि रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकदच घालवतं, त्यामानाने त्याचं हायड्रोक्लोराइड हाताळायला आणि तोलायला सोपं, विषारी तेही आहेच. नायट्राइल ग्लोव्ह्ज आणि गॉगल, यावर वाद नको.

फायबर सोलणं

३० ते ४० सेंमीचा तुकडा कापा. मधल्या ३ सेंमीवरचं काळं जॅकेट वायर स्ट्रिपरने काढा, पण ब्लेड खोल गेलं तर फायबरला चीर पडते आणि तो तिथेच मोडतो, म्हणून आधी टाकाऊ तुकड्यावर हात बसवा.

आता क्लॅडिंग. टिश्यू अ‍ॅसिटोनमध्ये भिजवून, पिळून, त्या ३ सेंमीवरून हलक्या हाताने फिरवायचा, दोनतीन सेकंद, मग लगेच पाण्यात भिजवलेल्या टिश्यूने पुसायचं. वर पांढरट दुधाळ साय येते, ती पुसून टाका, परत अ‍ॅसिटोन, परत पाणी, असं चारपाच वेळा. मग २००० नंबरच्या पॉलिश पेपरने ओलं ओलं हलकं घासा. फायबर अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून ठेवायचा नाही! पीएमएमए अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतो, कोअरच जाईल. आणि अ‍ॅसिटोन लावताना फायबर एकदम सरळ ठेवा, वाकलेल्या फायबरला अ‍ॅसिटोन लागलं की बारीक बारीक भेगा पडतात, उजेडात धरलं की चमकतात, असा तुकडा फेकून द्या.

क्लॅडिंग निघालं हे ओळखायचं कसं, तर एका टोकाला लाल एलईडी लावा, अंधार करा आणि सोललेल्या भागावर पाण्याचा थेंब ठेवा. मग तसाच ग्लिसरीनचा थेंब ठेवा. ग्लिसरीनचा इंडेक्स १.४७, कोअरच्या अगदी जवळ, त्यामुळे क्लॅडिंग निघालेलं असेल तर थेंबाच्या जागी लाल उजेड भसकन बाहेर येतो. नुसत्या हवेत तो भाग तसा फारसा चमकायला नको, चमकत असेल तर घासताना खरखरीत झालाय.

दोन्ही टोकं नव्या ब्लेडने सरळ कापून १००० आणि मग २००० च्या पेपरवर पाणी टाकून घासायची, इंग्रजी आठ काढतो तशी हालचाल, आपला मराठी ८ काढलात तर टोक तिरकं घासलं जाईल.

काचेच्या फायबरला लोक हायड्रोफ्लोरिक आम्लाने कोरतात. ते आम्ल कातडीतून हाडापर्यंत जातं आणि जीवावर बेततं, त्यामुळे पहिल्या प्रोजेक्टला त्या वाटेला जाऊच नका.

लेपाआधी सर्किट, आणि नुसत्या फायबरची परीक्षा

एलईडीला फायबरचं टोक अगदी चिकटवून बसवायचं. मी एलईडीच्या डोक्यावरचा घुमट पॉलिश पेपरने घासून सपाट करते, मध्ये १ मिमीचं उथळ भोक पाडते आणि फायबर त्यात बसवून थेंबभर इपॉक्सी लावते. भोक जास्त खोल गेलं तर आतली बारीक तार तुटते आणि एलईडी गेला, दहा रुपयांचं नुकसान, दुसरा घ्या.

दुसऱ्या टोकाला फोटोडायोड, तिथून ट्रान्सइम्पिडन्स अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे ऑप-अ‍ॅम्पच्या आउटपुटपासून उलट इनपुटला एक रेझिस्टर, सुरुवातीला १०० किलोओहम. १० मायक्रोअँप आला की १ व्होल्ट मिळतो. त्याच्यासोबत समांतर एक छोटा कपॅसिटर लावा नाहीतर सर्किट स्वतःच थरथरत बसतं. एलएम ३५८ घरात पडलेला असतो म्हणून लोक तोच लावतात, पण त्याच्या इनपुटचा स्वतःचा करंटच नॅनोअँपमध्ये असतो आणि तो गरमीने बदलतो, एमसीपी ६००२ चा पिकोअँपमध्ये आहे, चारपैसे जास्त द्या.

अर्डुइनो उनोचा आतला एडीसी १० बिटचा, ५ व्होल्टला एक पायरी जवळजवळ ५ मिलीव्होल्टची. आपला सिग्नल कधीकधी त्याहूनही लहान असतो. एडीएस १११५ हा १६ बिटचा, ४.०९६ व्होल्टच्या रेंजला एक पायरी ०.१२५ मिलीव्होल्ट. म्हणून तो.

आता तीन गोष्टी ज्या मी पहिल्या वेळेस केल्या नव्हत्या.

एक, खोलीतला उजेड. एलईडी चालू करून रीडिंग, बंद करून रीडिंग, आणि वजाबाकी. ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, म्हणून प्रत्येक रीडिंग १० मिलीसेकंदाच्या पटीत सरासरी काढा, मी १०० मिलीसेकंद घेते. वर काळा कपडा टाका तो टाकाच.

दोन, एलईडीचा स्वतःचा उजेड. लाल एलईडी तापला की मंद होतो, दुपारी पंखा बंद केला तरी ग्राफ घसरतो. करंट स्थिर ठेवा, मोजायच्या आधी अर्धा तास चालू ठेवा, आणि दुसरा फोटोडायोड थेट एलईडीच्या बाजूला लावून त्याचंही रीडिंग घ्या. मग सेन्सरचं रीडिंग भागिले या रेफरन्सचं रीडिंग, पुढे सगळा अभ्यास याच गुणोत्तराचा करायचा, नुसत्या व्होल्टेजचा नाही.

तीन, फायबरची हालचाल. बोट लागलं, टेबल हललं, फायबर जरा वाकला की प्रकाश बदलतो. लाकडाच्या पट्टीवर केबल टायने सगळीकडून बांधून टाका, पंख्याच्या वाऱ्यानेही हलता कामा नये.

एवढं झालं की लेप न लावलेला, नुसता सोललेला फायबर बरणीत बसवा आणि रात्रभर लॉगिंग करा. सकाळी ग्राफ बघा. जेवढा तो वरखाली झालाय तेवढी तुमच्या सेटअपची खोट, लेपाचा त्यात काही दोष नाही. या ग्राफची प्रिंट काढून भिंतीला चिकटवा, पुढे खूप उपयोगी पडते. मग याच नुसत्या फायबरवर अमोनिया सोडून बघा, काहीच व्हायला नको. झालं तर लेप लावायची घाई करू नका, आधी तो का झाला ते शोधा.

लेप चढवणं

रेसिपी प्रसिद्ध आहे. ०.५२ ग्रॅम अ‍ॅनिलिन हायड्रोक्लोराइड १० एमएल डिस्टिल्ड पाण्यात, १.१४ ग्रॅम अमोनियम परसल्फेट दुसऱ्या १० एमएल पाण्यात. मिसळलं की एकूण २० एमएलमध्ये अ‍ॅनिलिन ०.२ मोलर आणि परसल्फेट ०.२५ मोलर होतं. दोन्ही आधी वेगवेगळी ठेवा, खोलीच्या तपमानाला.

भांडं म्हणून १० एमएलची प्लास्टिकची सिरिंज घ्या, तिचा दांडा काढून नुसती नळी. टोकाच्या भोकातून फायबर ओवा, सोललेला भाग नळीच्या मध्यात येईल असा, खालचं भोक एम-सीलने बुजवा आणि नळी उभी स्टँडला लावा. आडवी ठेवायची नाही, कारण द्रवात तयार होणारा हिरवा गाळ फायबरच्या पाठीवर बसतो, दिसायला छान जाड लेप दिसतो आणि पहिल्या धुण्यात पोपडे सुटतात. आपल्याला पृष्ठभागावर स्वतः वाढलेली फिल्म हवीय, वरून पडलेली नकोय.

एलईडी आणि सर्किट या वेळी चालूच ठेवा, हीच खरी गंमत आहे. दोन्ही द्रावणं एकत्र ओतून ढवळून नळीत मावेल तेवढं भरा आणि लॅपटॉपवर व्होल्टेज बघत बसा. पहिली काही मिनिटं काहीच होत नाही, माणूस चहा प्यायला जातो आणि तेवढ्यातच सगळं होतं, तेव्हा जाऊ नका. मग द्रव निळा पडायला लागतो, व्होल्टेज झपकन खाली येतं, मग निळ्याचा हिरवा होताना थोडं वर सरकतं आणि स्थिरावतं. २० अंशाला हे साधारण १० मिनिटांत होतं, मेमधल्या लॅबमध्ये त्याहून बरंच लवकर. हात लावलात तर नळी कोमट लागेल, रिअ‍ॅक्शन उष्णता सोडते, म्हणूनच २० एमएलच्या वर जाऊ नका म्हणते.

हिरवं झालं की द्रव काढून घ्या. माझा अंदाज असा की सुरुवातीच्या प्रकाशाचा निदान तिसरा हिस्सा तरी उरला पाहिजे, त्याच्या खाली गेलं तर लेप जाड झाला आणि सिग्नल गोंगाटात बुडतो. या रेसिपीत बसणारी फिल्म शंभर ते काहीशे नॅनोमीटरची असते, आपल्याला हवी तेवढीच.

आता धुणं, इथे भलेभले फसतात. छापील रेसिपीत लिहिलेलं असतं की आधी ०.२ मोलर हायड्रोक्लोरिकने आणि मग अ‍ॅसिटोनने धुवा. ती काचेसाठी लिहिलीय! प्लास्टिक फायबरला अ‍ॅसिटोन लागलं की फिल्मसकट फायबरची पाठ सोलून निघते, माझा एक अख्खा दिवस असा गेलाय. फक्त ०.२ मोलर आम्लाने दोनदा धुवायचं, म्हणजे ३७ टक्क्यांचं आम्ल १.७ एमएल घेऊन पाण्यात टाकून १०० एमएल करायचं, आम्ल पाण्यात, पाणी आम्लात नाही. साध्या पाण्याने शेवटचं धुणंही नको, त्याने आम्ल निघून जातं आणि फिल्म मोजणीआधीच निळसर पडते. मग सावलीत २४ तास सुकू द्या. ओव्हनमध्ये नाही, प्लास्टिक फायबर ८० अंशाच्या पुढे आक्रसायला लागतो.

उरलेला हिरवा काला सिंकमध्ये ओतू नका, वेस्टच्या बाटलीत. कपड्यावर पडलं तर तो कपडा त्याच रंगाचा झाला असं समजा.

बरणी आणि पीपीएमचा हिशोब

बरणीच्या झाकणाला भोकं पाडून फायबर, पंख्याच्या वायरी, हवा आत आणि बाहेर जायच्या नळ्या, आणि सिरिंजसाठी रबरी बूच. फटी बुजवायला हार्डवेअरच्या दुकानातलं व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सीलंट लोक सर्रास वापरतात. तो वास अ‍ॅसेटिक आम्लाचा असतो, सुकताना कित्येक दिवस येत राहतो, आणि आपला लेप आम्लाला प्रतिसाद देणाराच आहे. शिवाय सोडलेल्या अमोनियाचा काही भाग त्या आम्लातच जिरतो. रबरी बूच आणि टेफ्लॉन टेप वापरा, कटकट नाही.

आता समजा ५ लिटरच्या बरणीत १०० पीपीएम करायचंय. १०० पीपीएम म्हणजे दहा लाखात १०० भाग, ५००० एमएलमध्ये ०.५ एमएल अमोनिया गॅस. २५ अंशाला एक मोल गॅस २४.४५ लिटर, तर ०.५ एमएल म्हणजे सुमारे २०.४ मायक्रोमोल. २५ टक्के अमोनिया सोल्युशन साधारण १३.४ मोलर असतं, तर लागलं किती, जेमतेम दीड मायक्रोलिटर. एवढं अचूक मोजणं कठीण, सुईतच उडून जातं.

मग डायल्यूट करायचं, पण किती? शंभरपट पातळ केलं तर १५३ मायक्रोलिटर टाकावं लागेल. २५ अंशाला हवा पाण्याने ठासून भरली तरी ५ लिटरमध्ये वाफ मावते ती ०.११५ ग्रॅम, म्हणजे ११५ मायक्रोलिटर पाण्याएवढी. तुम्ही अमोनिया टाकत नाही आहात, बरणीत पावसाळा करताय! पाणी पूर्ण उडतही नाही आणि जे खाली उरतं त्यात अमोनिया विरघळून बसतो. माझे पहिले तीन आठवडे नेमके यातच गेले. दहापट पातळ करा, १५ मायक्रोलिटर लागतं, त्याने ह्युमिडिटी १३ टक्क्यांच्या आसपास वाढते, जी सहन होते आणि मोजता येते. २५ पीपीएमसाठी त्याच द्रावणाचे पावणेचार मायक्रोलिटर.

बाटलीवर २५ टक्के लिहिलंय म्हणून आत २५ टक्के आहे असं धरू नका, उघडझाक झालेल्या बाटलीतला अमोनिया उडालेला असतो. हायड्रोक्लोरिकशी एकदा टायट्रेट करून घ्या, मिथाइल रेड इंडिकेटर, अर्ध्या तासाचं काम.

थेंब पंख्यासमोर टांगलेल्या फिल्टर पेपरच्या तुकड्यावर किंवा काचेवर सोडा म्हणजे लवकर उडतो, फायबरवर उडायला नको. बरणी साफ करायला पंपाची हवा सिलिका जेलच्या नळीतून कोरडी करून आत सोडा. सिलिका जेल बरणीच्या आत मात्र ठेवू नका, ते अमोनियाही खातं. आणि बाहेर जाणारी हवा हूडमध्ये. अंदाज असावा म्हणून सांगते, कामाच्या ठिकाणी ८ तासांसाठी अमोनियाची नेहमी धरली जाणारी मर्यादा २५ पीपीएम आहे, १५ मिनिटांसाठी ३५, आणि ३०० पीपीएमला जीवाला तात्काळ धोका मानतात.

कुठल्या क्रमाने टेस्ट

आधी कोरडी हवा, २०-३० मिनिटं, बेसलाइन, म्हणजे गॅस नसतानाची रेषा, सपाट होईपर्यंत. मग १५ मायक्रोलिटर नुसतं पाणी. हो, पहिलं पाणीच. जे होईल ते लिहून ठेवा, हलकासा प्रतिसाद येणारच, पॉलिअ‍ॅनिलिनला दमटपणा कळतो. मग कोरडी हवा. मग १५ मायक्रोलिटर अमोनिया. या दोन ग्राफमधला फरक तो तुमचा सेन्सर, बाकी सगळं हवामान.

आता तो इन्फ्रारेड एलईडी. हिरवा पॉलिअ‍ॅनिलिन ८०० च्या पुढच्या प्रकाशाला जोरात शोषतो, निळा झाला की तिथलं शोषण कमी होतं. म्हणजे अमोनिया आला की लाल प्रकाश घटतो आणि ८५० चा वाढतो. फायबर वाकला, जोड हलला, भिंतीवर धूळ बसली तर दोन्ही एकाच बाजूला जातात. दोन्ही एलईडी आळीपाळीने चालवा, एकच फोटोडायोड दोघांना पुरतो, प्लास्टिक फायबर ८५० ला बराच प्रकाश गिळतो पण आपल्या ३०-४० सेंमीत फरक पडत नाही. दोन रेषा कात्रीसारख्या उघडल्या तर अमोनिया, जोडीने घसरल्या तर टेबलाला कोणीतरी धक्का मारला. दोन एलईडी एका फायबरला जोडायची खटपट आहे खरी, मी दोघांना शेजारी ठेवून वर जाड अ‍ॅक्रिलिकचा छोटा ठोकळा लावते आणि फायबर त्याला चिकटवते, प्रकाश वाया जातो पण दोन्ही पोचतात.

मग १०, २५, ५०, १००, २०० पीपीएम असं चढत जा, प्रत्येक तीनदा. नंतर क्रम उलटसुलट करून परत, नाहीतर लेप दमत चाललाय की पीपीएम वाढतंय हे वेगळं कळत नाही. ग्राफ सरळ रेषेत येणार नाही, वरच्या बाजूला वाकेल, कारण चिकटायच्या जागा भरत जातात. तो ओढूनताणून सरळ करू नका, खालचा सरळ भाग तेवढा वापरा.

रिस्पॉन्स टाइम म्हणजे अंतिम बदलाच्या ९० टक्क्यांपर्यंत पोचायला लागलेला वेळ. बरणीत गॅस मिसळायलाच काही सेकंद जातात, तेव्हा पाच सेकंदांत रिस्पॉन्स असले दावे या सेटअपवर करू नका, परीक्षक हसतात. डिटेक्शन लिमिटचा, म्हणजे कमीत कमी किती पीपीएम ओळखता येतं त्याचा, हिशोब साधा आहे, बेसलाइनच्या हलण्याचं स्टँडर्ड डेव्हिएशन गुणिले ३, भागिले स्लोप, म्हणजे एका पीपीएमला होणारा बदल. समजा बेसलाइन ०.४ मिलीव्होल्टने हलते आणि एका पीपीएमला ०.२ मिलीव्होल्ट बदल होतो, तर लिमिट ६ पीपीएम. पण ते ०.४ कुठून घेतलं? रात्रभराच्या ग्राफमधून घ्या, सगळ्यात शांत असलेल्या दोन मिनिटांतून नाही. दोन मिनिटांतून घेतलं की लिमिट फार सुंदर येते, म्हणूनच बरेच जण तिथून घेतात.

लेप म्हातारा होतो

जास्त पीपीएमला वापरल्यावर फिल्म पूर्ण हिरवी परतत नाही, बेसलाइन दर वेळी जरा खाली बसते. तेव्हा ०.२ मोलर हायड्रोक्लोरिकमध्ये एक मिनिट बुडवून परत हिरवी करायची आणि कॅलिब्रेशन पुन्हा तपासायचं. क्लोराइडवालं आम्ल हळूहळू उडूनही जातं, त्यामुळे पुढच्या बॅचला कॅम्फर सल्फोनिकसारखं जड आम्ल घालून बघा, ते जास्त टिकतं. ठेवताना झिपच्या पिशवीत, अंधारात.

हा लेप फक्त अमोनियाच ओळखतो असंही नाही. अमाइन जातीच्या सगळ्या वाफा त्याला तशाच लागतात, आणि आम्लाच्या वाफा उलट दिशेला नेतात. प्रोजेक्टमध्ये हा दोष म्हणून लिहावा लागतो पण आम्ही त्याचा एक खेळ केला. समुद्रातला मासा शिळा होताना ट्रायमिथाइल अमाइन सोडतो, तो ओळखीचा वास त्याचाच. लॅबमधल्या एकाने मालवणहून येताना बांगडे आणले होते, त्यातला एक बरणीत ठेवला, पाण्याचा ब्लँक म्हणून दुसऱ्या वेळी तेवढ्याच वजनाचा ओला कापूस. कापसाला दोन्ही रेषा जराशा हलल्या आणि थांबल्या. बांगड्याला पहिल्या काही तासांत कापसाइतकंच, आणि मग संध्याकाळनंतर कात्री हळूहळू उघडायला लागली. सकाळी झाकण उघडलं तेव्हा शेजारच्या लॅबमधून दोघं विचारायला आले, त्यांना सेन्सरची गरज पडली नव्हती.